फेब्रुवारीत एकदा रान बघून या

पत्र: आम्ही दोघं चौदा वर्षं अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळ नोकरी करतोय. नवरा मूळचा सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीकडचा. घरी ऊस आणि थोडी द्राक्षबाग. आता इंडिपेन्डन्स गावाजवळ विलॅमेट नदीच्या काठाला १८ एकर जमीन विकायला निघाली आहे आणि यांनी तिथे हॉप्स (ज्याची फुलं बिअरला कडवटपणा आणि वास देतात तो वेल) लावायचं डोक्यात घेतलंय. वरचा तुकडा साधारण सात एकरांचा, बाकीचं रान सात-आठ फूट खाली, नदीला लागून. विकणारे म्हणतात, पाणी येतं, पण हिवाळ्यात येतं आणि दोन दिवसांत उतरतं. सासरे सध्या इथेच आहेत. त्यांनी ऑगस्टमध्ये रान पाहिलं, मूठभर माती चुरून बघितली आणि म्हणाले, "मळी आहे, डोळे झाकून घ्या." शिवाय हे पीक भिलवडीला होईल का, हेही ते रोज विचारतात. सासूबाईंना दारूचं पीक घरात नको. कर्जाचा हिशेब माझ्याकडे, त्यामुळे झोप माझी गेली आहे. २०१९ला सासरच्या घरात छातीएवढं पाणी होतं, ते फोनवर बघितलेलं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पुराच्या रानात पंधरा-वीस वर्षांचं पीक लावायचं का?
— हिशेबवाली सून

सूनबाई,

तुमच्या सासऱ्यांनी माती बरोबर ओळखली आहे. कृष्णाकाठच्या माणसाला पोयटा कळायला मातीपरीक्षणाचा कागद लागत नाही. चूक झाली ती महिन्याची. आपल्याकडे ऑगस्टमध्ये नदीकाठचं रान बघितलं की त्याचं बरंवाईट सगळं कळतं, कारण तेव्हा नदी अंगावर आलेली असते. इथे ऑगस्टमध्ये विलॅमेट म्हणजे गरीब गाय. जुलै-ऑगस्टमध्ये या खोऱ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. पोरं रबरी ट्यूबवर पात्रात तरंगत असतात, आणि काठावरचं कुठलंही रान तेव्हा सोन्यासारखंच दिसतं. ही नदी दात दाखवते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आणि नेमकं म्हणूनच मी तुम्हाला सरळ "नको" म्हणत नाहीये.

कृष्णेचं पाणी रानात शिरतं तेव्हा पीक ऐन वाढीत असतं. उसाच्या शेंड्यावरून पाणी गेलं की पोंगा कुजतो, सोयाबीन चार दिवसांत काळं पडतं. पाणी कोमट, पीक जिवंत, मुळांना श्वास हवा आणि नेमका तोच बंद. हॉप्सचं वेळापत्रक याच्या उलटं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर काढणी झाली, वेल कापून नेले, की जमिनीवर काहीच उरत नाही. नुसते खांब आणि तारा. खाली असतो तो गड्डा आणि त्याची खोल गेलेली मुळं, आणि ती थेट मार्चपर्यंत झोपलेली. थंडगार पाण्यात झोपलेल्या गड्ड्याला प्राणवायू लागतो तो अगदी नावाला. दोन-तीन दिवस वरून पाणी वाहत गेलं तर तो कूस बदलून पुन्हा झोपतो. तेच पाणी जूनमध्ये दोन दिवस साचलं, तर वेल माना टाकतील. म्हणजे यांना पुराची भीती नाही असं नव्हे. चुकीच्या महिन्यातल्या पुराची आणि न हलणाऱ्या पाण्याची भीती आहे. तुमच्या जमिनीचा सगळा निवाडा या दोन गोष्टींवर होणार.

तेव्हा विकणाऱ्यांचं "हिवाळ्यात येतं" मला पटतं. "दोन दिवसांत उतरतं" हे मात्र मी डोळ्यांनी बघेपर्यंत मानणार नाही. विकणारा माणूस खोटं बोलतो असं माझं म्हणणं नाही, पण त्याचे दोन दिवस कुठून मोजलेले असतात कोण जाणे.

थोडी नदीची कुंडली बघू. याच नदीवरच्या सेलम शहराच्या पाणीमापकावर पुराची खूण २८ फुटांची आहे. फेब्रुवारी १९९६मध्ये डोंगरात भरपूर बर्फ साठलेलं असताना त्यावर चार दिवस कोमट पाऊस पडला आणि पाणी ३५ फुटांवर गेलं. डिसेंबर १९६४च्या नाताळातल्या पुरात जवळपास ३८. १८६१मध्ये तर शांपोएग नावाचं अख्खं गाव वाहून गेलं, ते पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलंच नाही. नंतर लष्कराच्या अभियंता दलाने या खोऱ्यात १३ धरणं बांधली. त्यामुळे पूर उणावले, पण संपले नाहीत. धरणं आहेत म्हणजे आता भीती नाही, हे वाक्य कोयनेच्या खाली राहणाऱ्यांना मी शिकवायची गरज नाही.

मला या तारखांपेक्षा जास्त टोचते ती एप्रिल २०१९ची. त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विलॅमेटला पूर आला. तोवर हॉप्सचे कोंब वीतभर वर आलेले असतात, दोऱ्या बांधायचं काम चाललेलं असतं. अशा वेळी आलेलं पाणी हिवाळ्यातल्या दुप्पट पाण्यापेक्षा वाईट. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी, धोक्याची पातळी ४५ फूट असताना, पाणी ५७ फुटांवर गेलं. तेच तुम्ही फोनवर पाहिलंत.) एप्रिलचा पूर इथे विरळा आहे, पण तुमच्या पंधरा-वीस वर्षांत एखादा धरूनच चाला. देशाच्या ईशान्य टोकाला व्हरमाँटमध्ये तर दैव याहून वाईट. तिथे २०११चा पूर ऑगस्टअखेर आला, २०२३चा जुलैमध्ये. म्हणजे काढणीच्या तोंडावर. तुम्ही तिथून पत्र लिहिलं असतंत तर माझं उत्तर दोन ओळींत संपलं असतं.

आता पाणी बसण्याबद्दल. फेब्रुवारीत, सलग चार-पाच दिवस पाऊस होऊन गेल्यावर, त्या रानात जा. सौद्याच्या कागदात तशी अटच घाला: हिवाळ्यात पाहणी केल्याशिवाय व्यवहार पक्का नाही. विकणाऱ्याला ते पटलं नाही, तर तेही एक उत्तरच. जाताना फावडं न्या आणि खालच्या रानात तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घ्या. माती वरपासून खालपर्यंत एकसारखी तपकिरी, हाताला भुसभुशीत लागली, तर निचरा चांगला. दीड-दोन फुटांवर राखाडी रंग सुरू झाला आणि त्यात गंजल्यासारखे नारिंगी ठिपके दिसले, तर समजा तिथे दर वर्षी कित्येक आठवडे पाणी बसतं. हा रंग लपवता येत नाही. नाक लावून बघा, कुजक्या अंड्यासारखा वास आला तर फावडं पुसा आणि घरी या. खड्ड्यात पाणी झिरपलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि ते किती उतरलं ते मोजा. तुमचे दोन दिवस तिथे कळतील.

जाण्याआधी कृषी खात्याचा मातीचा नकाशा संगणकावर फुकट बघायला मिळतो, तो बघा. या काठावर न्यूबर्ग, क्लोक्वाटो, चेहेलिस अशी नावं दिसली तर बरं. या पाणी सोडणाऱ्या माती आहेत, हॉप्स, हेझलनट, भाजीपाला सगळ्यांना चालतात. वापाटो असं नाव दिसलं तर त्या तुकड्यावर हॉप्स नको. गंमत अशी की या दोन्ही माती पन्नास पावलांच्या अंतरात सापडतात. विलॅमेट पूर्वी नागमोडी भटकायची. तिच्या सोडून दिलेल्या धारा आता रानात उथळ खळग्यांसारख्या दिसतात. उन्हाळ्यात त्या नुसत्या गवताच्या हिरव्या पट्ट्या वाटतात. पुरात पाणी आधी त्यांतून शिरतं आणि सगळ्यांत शेवटी त्यांतूनच निघतं. काठावरच्या कॉटनवुडच्या झाडांकडेही मान वर करून बघा. फांद्यांत वाळका कचरा, प्लास्टिक, गवताच्या गुंडाळ्या अडकलेल्या दिसतील. त्या किती उंचीवर आहेत, हे कुठल्याही नकाशापेक्षा खरं.

पूर ओसरल्यावर माणूस स्वतःचं जास्त नुकसान करतो, हेही सांगून टाकतो. मी केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मळ्याची देखभाल माझ्याकडे होती. जानेवारीत पाणी येऊन गेलं, गड्ड्यांवर दोन बोटं गाळ बसला, आणि मला आनंदच झाला की फुकटचं खत मिळालं. मार्चमध्ये कोंब छाटायची घाई होती. वरची माती सुकून पांढुरकी दिसायला लागली होती, म्हणून ट्रॅक्टर घातला. वर पापुद्रा आणि खाली लोणी. मागचं चाक वीतभर रुतलं, तरी मी रेटून चार ओळी पूर्ण केल्या. त्या चार ओळी पुढची तीन वर्षं बाकीच्यांपेक्षा हातभर बुटक्या राहिल्या. चाकांखाली दबलेल्या पट्ट्यात पाणी मुरेना, आणि गड्डे एका बाजूने कुजायला लागले. वाफसा, म्हणजे मशागत करण्याजोगी माती सुकणं, हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. इथल्या कुणाला समजावून सांगायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की मला तो नुसता ऐकून माहीत होता. तुमच्या सासऱ्यांना मार्चमध्ये तुमच्या नवऱ्याच्या शेजारी उभं करा. मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाकायचा. फुटून विखुरला तर ट्रॅक्टर, चपटा झाला तर चहा.

पुराहून मोठा शत्रू म्हणजे पुरानंतरची ओल. तुमच्या घरी द्राक्षबाग आहे, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग काय करतो हे सांगायला नको. त्याला तिकडे सगळे डाऊनीच म्हणतात. हॉप्सचा डाऊनी वेगळ्या बुरशीचा, पण स्वभाव तोच. आणि याच्यात एक जास्तीची खोड आहे: ही बुरशी गड्ड्यात, झोपलेल्या डोळ्यांत लपून हिवाळा काढते. वसंतात त्या डोळ्यातून जो कोंब येतो तो वेलासारखा वर धावत नाही. बुटका, ताठ, फिकट पिवळसर, पानं खाली वळलेली. बोटांत धरला तर काडकन मोडतो. पान उलटं केलं की खाली काजळी फासल्यासारखा जांभळट-काळा थर. असा एक कोंब पहाटेच्या ओलीत शंभर कोंबांना प्रसाद वाटतो. नदीकाठच्या खोलगट रानात धुकं दहा-अकरापर्यंत हलत नाही, पानं ओलीच राहतात, म्हणजे बुरशीला आयता पाळणा. उपाय माहीत असलेलेच आहेत: मार्च-एप्रिलमध्ये पहिले कोंब सरसकट छाटून टाकायचे, वेल तारेला पोचला की खालची तीन-चार फूट पानं काढून हवा खेळती ठेवायची, आणि फवारणी आजार दिसल्यावर नव्हे, हवामान बघून. पण हे सगळं तेव्हा करायचं, जेव्हा खालच्या रानात वाफसा नसतो आणि ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. खालच्या तुकड्याचं खरं दुखणं हे.

या रोगाने इथला इतिहास बदलला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात बराच काळ अमेरिकेत सर्वांत जास्त हॉप्स ऑरेगनमध्ये व्हायचे. सप्टेंबर आला की इंडिपेन्डन्सभोवतीच्या मळ्यांत तोडणीसाठी हजारोंनी माणसं यायची, कुटुंबंच्या कुटुंबं तंबू ठोकून राहायची. १९३०च्या सुमारास डाऊनी आला. पुढे हे पीक हळूहळू डोंगरापलीकडे, वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यात गेलं. तिथे हवा कोरडी आणि पाणी कालव्याचं, हवं तेव्हा हवं तेवढं. आज देशातले साधारण तीन-चतुर्थांश हॉप्स तिथलेच. तुमच्या जवळच्याच कॉरव्हॅलिसमध्ये सरकारी संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅस्केड ही जात दिली, ती या ओल्या हवेत बऱ्यापैकी तग धरते. नवऱ्याच्या मनात आज कुठलीही नव्या सुगंधाची जात असली तरी पहिले वेल कॅस्केडसारख्या सोशिक जातीचेच लावा. रोपं तपासलेली, विषाणूमुक्त घ्या. मित्राने दिलेला फुकटचा गड्डा घेऊ नका. तो त्याच्या मळ्यातला सगळा आजार बरोबर घेऊन येतो.

मांडवाचा विचार द्राक्षाच्या मापाने करू नका. हा मांडव अठरा फूट उंच असतो. सात बाय सात फुटांवर लावलं तर एकरी साधारण ८९० वेल, प्रत्येकाला दोन दोऱ्या. दोरी नारळाच्या काथ्याची, बहुतेक श्रीलंकेहून आलेली, आणि वेल तिच्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच चढतो. उलटा गुंडाळलात तर सुटून खाली येतो. पुराच्या दृष्टीने एक बरं, की हिवाळ्यात मांडव रिकामा असतो. मात्र ओळी पाण्याच्या वाहण्याच्या दिशेला धरूनच आखा. आडव्या ओळीत वाहून आलेला एक ओंडका अडकला की त्याच्यामागे कचऱ्याचा बांध तयार होतो, आणि मग पाणी खांबाच्या बुडाशी खड्डा पाडतं. कडेच्या ताणतारांचे नांगर वाळूत घालू नका. भिजलेली वाळू ऑगस्टमध्ये भरल्या मांडवाचं ओझं धरत नाही. ओळींमधली जमीन हिवाळ्यात उघडी ठेवू नका. ऑक्टोबरात राय किंवा ओट पेरून ठेवलं तर पाणी माती घेऊन जाण्याऐवजी गाळ ठेवून जाईल. आणि नदी तुमच्या बाजूची कड खाते आहे का ते बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला असाल तर कड दर हिवाळ्यात थोडी-थोडी कोसळते. तिथली विलोची झाडं तोडून दोन ओळी वाढवायचा मोह होईल, तो आवरा.

वाळवणीची भट्टी, तोडणीचं यंत्र, पंपाची विजेची पेटी, खत, डिझेल, यांतलं काहीही खालच्या रानात नको. काउंटीच्या नियोजन कार्यालयाला पूरक्षेत्राचा नकाशा मागा आणि खांब, कुंपण, शेड यांपैकी कशाला परवाना लागतो ते लेखी विचारा. तोंडी उत्तर देणारा माणूस पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

पाण्यावरूनच आणखी एक. भिलवडीच्या हिशेबाने काठाला जमीन म्हणजे मोटार टाकली की झालं. ऑरेगनमध्ये तसं नाही. नदी तुमच्या बांधाला लागून वाहत असली तरी पाणी उचलायचा वेगळा हक्क लागतो, आणि तो हक्क पाच वर्षं सलग वापरला नाही तर जाऊ शकतो. इथे उन्हाळा कोरडा, त्यामुळे ठिबकाशिवाय हॉप्स नाहीत. हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या रानाला जुलैमध्ये पाणी मिळेना, अशी थट्टा इथे होऊ शकते. जमिनीबरोबर पाण्याचा हक्क येतो का, किती एकरांचा, आणि गेल्या पाच वर्षांत तो वापरल्याचा पुरावा काय, हे विकत घेण्याआधी बघा. माझ्या मते तुमच्या पत्रात राहून गेलेला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा.

आता हिशेब. तो तुमचाच प्रांत, म्हणून थोडक्यात. पहिल्या वर्षी उत्पन्न नावाला, भर येतो तिसऱ्या वर्षी. रोपं, खांब, तारा, ठिबक धरून एकरी खर्च डॉलरच्या पाच आकड्यांत सहज जातो, आणि यंत्र-भट्टी त्यात धरलेली नाही. बाजार सध्या पडलेला आहे. २०२१मध्ये वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आयडहो मिळून ६० हजार एकरांच्या वर हॉप्स होते. २०२४मध्ये ते ४५ हजारांच्या आसपास आले. ज्यांनी मळे उपटले त्यांतल्या कित्येकांच्या चार-चार पिढ्या यात गेल्या आहेत. त्यांच्याशी वजनावर स्पर्धा करायला जाऊ नका. हातात लेखी खरेदी करार नसताना एकही खांब रोवू नका. लहान शेतकऱ्याला इथे एकच फट दिसते: सप्टेंबरमध्ये ताज्या, न वाळवलेल्या हॉप्सची बिअर करायची या भागात चाल आहे. त्यासाठी फुलं तोडल्यापासून दिवसभरात भांड्यात पडावी लागतात, त्यामुळे बिअरवाल्यांना जवळचाच मळा लागतो. त्यात भट्टीही लागत नाही. दोन-तीन लहान बिअरवाल्यांशी आधी बोलून घ्या.

इथे पुयालपची गोष्ट आठवते. वॉशिंग्टनमधल्या त्या नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत १८६०च्या दशकात हॉप्स लागले आणि एझ्रा मीकर नावाचा माणूस त्यावर इतका श्रीमंत झाला की लोक त्याला हॉप्सचा राजा म्हणायचे. त्याला नदीने बुडवलं नाही. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला मावा आला, पाठोपाठ मंदी आली, आणि राजा कर्जात गेला. पुरावर डोळा ठेवून बसलेल्या माणसाला मारणारी गोष्ट बहुतेक दुसऱ्याच दारातून येते.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. पाण्याचा हक्क कागदावर सापडला आणि फेब्रुवारीतल्या खड्ड्यांनी साथ दिली, तर जमीन घेतली असती, पण खालच्या ११ एकरांना पुराच्या रानाचाच भाव दिला असता. वरच्या सातांपैकी दोन एकर हॉप्स, तेही करार झाल्यावर. खालच्या रानात असं पीक, जे एका हिवाळ्यात गेलं तरी वसंतात पुन्हा पेरता येईल: भोपळा, मका, भाजीपाला, किंवा ते गवताच्या बियाण्यासाठी शेजाऱ्याला खंडाने. नदीलगतची पट्टी झाडांना. अशा पट्टीसाठी सरकारी योजनेतून भाडं मिळू शकतं, ते जिल्ह्याच्या माती-पाणी संवर्धन कार्यालयात विचारा. नोकरी दोघांपैकी एकाने तरी तीन वर्षं सोडायची नाही. नवऱ्याला हे मिळमिळीत वाटेल. त्याला १८ एकरांचा हिरवा मांडव दिसतोय, त्याचा दोष नाही. जुलैमध्ये त्या ओळींतून चालताना मलाही अजून देवळात शिरल्यासारखं वाटतं.

सासूबाईंना सांगा, द्राक्षाचीही दारू होते, म्हणून त्यांनी बाग तोडायला लावली नाही. नाहीच पटलं तर दोन वाक्यांत विषय सोडा. पीक वरच्या दोन एकरांत असेल, घरात नाही.

आणि भिलवडीला हॉप्स होतील का? वेल येईल, फुलं पोटभर येणार नाहीत. याला उन्हाळ्यात पंधरा तासांचा दिवस लागतो आणि मग हिवाळ्यात कडक थंडी. सांगलीकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या आसपास. भारतात हे पीक होतं ते हिमाचलातल्या लाहौलमध्ये, वर डोंगरात. सासऱ्यांचा विरस झाला तर त्यांना फेब्रुवारीच्या त्या पाहणीला बरोबर न्या, तोवर ते इथे असतील तर. खड्डा त्यांनाच दाखवा, तीन फुटांखालची माती त्यांच्या हातात द्या, आणि मग पुन्हा एकदा विचारा, डोळे झाकून घेऊ का. गमबूट गुडघ्यापर्यंतचे घ्या. घोट्यापर्यंतचे त्या चिखलात राहून जातात आणि पाय तेवढा वर येतो.